मॉनिटर झोपला तो उठेना

श्रीगोंद्यात ज्या घरी लॅपटॉप रोजच्या कामाला लागला आहे, त्या घरी त्याच्या शेजारी हळूहळू एक मॉनिटरही येऊन बसला आहे. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर आणि लॅपटॉपवर भरू लागले, तेव्हा अनेकांनी ओढूनताणून लॅपटॉप घेतले. चौदा-पंधरा इंचांच्या त्या पडद्यावर तासन्तास मान खाली घालून काम करणे किती अवघड आहे, ते मग कळले. कोणी नगरहून, कोणी पुण्याहून जुना एकोणीस-वीस इंची मॉनिटर आणला. बंद पडलेल्या सायबर कॅफेंचे, कार्यालयांनी काढून टाकलेले असे मॉनिटर थोड्या पैशांत मिळतात आणि नीट वापरले तर वर्षानुवर्षे चालतात. आम्हा शिक्षकांचेही तेच. इनपेजमध्ये उर्दू प्रश्नपत्रिका लावायची असेल, तर एका बाजूला हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला टाईप करायची जागा हवी. ती सोय मोठ्या स्क्रीनशिवाय होत नाही.

या जोडीची एक तक्रार मात्र आमच्याकडे वारंवार येते. (शाळेत एकदा 'कॉम्प्युटरवाले सर' असे नाव पडले की मोहल्ल्याच्या सगळ्या वायरी आपल्याच दारी येतात.) काम चालू असते, मगरिबची अजान होते, माणूस सगळे तसेच ठेवून उठतो. वीस मिनिटांनी परत येतो तर मॉनिटर काळा. माऊस हलवून पाहिला, कीबोर्डवर बोटे आपटली, काही नाही. खालचा छोटा दिवा तेवढा पिवळा लुकलुकतो. घरातले निदान ठरलेले असते : "मॉनिटर गेला."

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. लॅपटॉप झोपून उठला आणि मॉनिटर झोपलेलाच राहिला, एवढेच झालेले असते. दोघांपैकी कोण जागे आहे आणि कोण नाही, हे घरी दहा मिनिटांत तपासता येते. ते न तपासता दुकान गाठले, तर पैसे तर जातातच, आणखीही काही जाऊ शकते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलीचे उदाहरण देतो. बी.कॉम. झालेली, घरी बसून मराठी आणि उर्दू टायपिंगची कामे करते. लग्नपत्रिका, अर्ज, क्लासवाल्यांच्या चाचणी परीक्षा असे काम. घरखर्चात तिचा हातभार आहे. तिचा जुना मॉनिटर एक दिवस असाच उठेना. भाऊ लॅपटॉप आणि मॉनिटर दोन्ही मोटरसायकलवर घालून एका दुकानात ठेवून आला. लॅपटॉपच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर पासवर्ड. दुकानदाराने संध्याकाळी फोन केला की डिस्प्लेचे काम आहे, साडेतीन हजार होतील, नाहीतर दुसरा मॉनिटर घ्या. मुलगी आमच्याकडे आली ती रडवेली होऊन. पैशांपेक्षा तिला चिठ्ठीची काळजी होती.

"सर, त्यात बहिणीच्या लग्नाचे सगळे फोटो आहेत. लोकांची आधारकार्डं आहेत. आणि परवाचा पेपर आहे, तो फुटला तर मला कोण काम देईल?"

तिच्या अब्बांनी त्याच रात्री जाऊन दोन्ही वस्तू परत आणल्या. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिथे काय केले ते पुढे येईलच. पण आधी हे झोपणे-उठणे म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. ते कळले की तपासणीतले प्रत्येक पाऊल आपोआप सुचते.

पूर्वीचे काचेच्या नळीचे, पाठीमागे फुगलेले मॉनिटर वीज फार खात आणि कार्यालयांत रात्रभर चालूच राहत. 1992 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने वीज वाचवणाऱ्या यंत्रांसाठी 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली, ती सर्वांत आधी कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांनाच लागू झाली. 1993 मध्ये 'व्हेसा' या संघटनेने मॉनिटरला झोपवायची एक ठरावीक रीत आखून दिली. रीत साधी होती. कॉम्प्युटरकडून मॉनिटरकडे दोन खुणेचे सिग्नल सतत जात असतात. ते थांबले की मॉनिटरने झोपायचे, पुन्हा सुरू झाले की उठायचे. बोलणारा गप्प झाला की ऐकणाऱ्याला डुलकी लागते, तसेच म्हणा ना.

आजच्या एचडीएमआय केबलमध्ये याच्या जोडीला हजेरीची पद्धत आली. तिच्या तोंडात 19 पिना असतात. 18व्या पिनेतून लॅपटॉप 5 व्होल्टची थोडीशी वीज पाठवतो आणि 19व्या पिनेवरून मॉनिटर "हजर" असे उत्तर देतो. हजेरी मिळाली की लॅपटॉप मॉनिटरचे ओळखपत्र वाचतो. कोणत्या कंपनीचा, केवढा, किती रेषांचे चित्र दाखवू शकतो, ही माहिती मॉनिटरच्या पोटातल्या एका छोट्या चिपमध्ये लिहिलेली असते. ओळख पटली की चित्र सुटते, आणि चित्र आले की मॉनिटर उठतो.

आता गडबड कुठे होते ते बघा. लॅपटॉप उठतो, हजेरी घेतो, त्या क्षणी मॉनिटर गाढ झोपेत असतो आणि उत्तर देत नाही. लॅपटॉप त्याला गैरहजर मांडून चित्र स्वतःच्याच पडद्यावर ठेवतो. सेकंदभराने मॉनिटर जागा होतो, सिग्नल शोधतो, सापडत नाही, म्हणून पुन्हा झोपतो. दोघेही धडधाकट असतात, चुकामूक तेवढी झालेली असते.

म्हणून पहिला प्रश्न : लॅपटॉप जागा आहे का? कीबोर्डवरची कॅप्स लॉक कळ दाबा. तिचा दिवा लागला-विझला तर लॅपटॉप जागा आहे. काही लॅपटॉपना असा दिवा नसतो, तिथे झाकण उघडून त्याचाच पडदा पाहावा. दोन्हीकडे अंधार असेल तर पॉवर बटण एकदाच, हलके दाबून सोडायचे. आमच्याकडे लोक ते बटण घाबरून दहा-दहा सेकंद धरून ठेवतात. त्याने लॅपटॉप उठत नाही, जबरदस्तीने बंद होतो आणि सेव्ह न केलेले काम जाते. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

लॅपटॉप जागा आहे पण माऊस हलवल्याने उठत नव्हता, असे दिसले तर मॉनिटरचा यात काहीच संबंध नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊस आणि कीबोर्डच्या पानावर, त्यांना कॉम्प्युटर उठवू द्यावे की नाही अशी एक चौकोनी खूण असते. ती लावली की झाले. झाकण बंद ठेवून काम करणाऱ्यांनी झाकण लावल्यावर लॅपटॉपने काय करायचे, हेही पॉवर ऑप्शन्समध्ये पाहून ठेवावे. चार्जरवर असताना एक सोय आणि बॅटरीवर असताना दुसरी असते. चार्जरची पिन सैल झाली की लॅपटॉप स्वतःला बॅटरीवर समजतो आणि चालू कामात झोपी जातो.

दुसरा प्रश्न मॉनिटरचा. त्याचे मेन्यूचे बटण दाबा. 'नो सिग्नल' अशी पाटी क्षणभर जरी उमटली तरी समजा की त्याची काच, त्यामागचा उजेड आणि त्याची वीज ही तिन्ही ठीक आहेत. डिस्प्ले गेला असे सांगणाऱ्याला एवढी पाटी दाखवली तरी पुरते. पाटी उमटत नसेल, तर खोलीत अंधार करून मोबाईलची बॅटरी तिरपी धरून पडद्यावर पाहा. पुसटसे चित्र दिसले तर मागचा उजेड गेला आहे. ते मात्र कारागिराचेच काम, घरी उघडू नये. जुन्या मॉनिटरांत उजेडासाठी बारीक नळ्या असतात, त्यांत पारा असतो.

त्या मुलीच्या घरी कॅप्स लॉकचा दिवा लागला आणि 'नो सिग्नल'ची पाटीही आली. म्हणजे दोघेही शाबूत. उरली मधली वाट.

विंडोजच्या लॅपटॉपवर मधल्या वाटेसाठी दोन किल्ल्या आहेत, आणि त्या पडदा दिसत नसतानाही चालतात. पहिली चार कळांची : खिडकीच्या चित्राची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबायचे. एक 'बीप' ऐकू येते, पडदा लुकलुकतो. चित्र पाठवणारा जो सॉफ्टवेअरचा भाग असतो, ज्याला ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात, तो यामुळे नव्याने सुरू होतो. उघडी कामे बंद होत नाहीत. दुसरी किल्ली खिडकीची कळ आणि पी. चित्र फक्त लॅपटॉपवर, दोन्हीकडे सारखे, दोन्हीकडे पसरून की फक्त मॉनिटरवर, हे तिने निवडता येते. लहान मुलांच्या हातून यातली 'फक्त लॅपटॉप' ही निवड नकळत होते आणि मग अख्खे घर मॉनिटरला दोष देते.

एवढ्याने चित्र आले नाही तर एचडीएमआय केबल लॅपटॉपच्या बाजूने काढून पाच सेकंदांनी पुन्हा लावा. हजेरी नव्याने घेतली जाते. केबल काढून लावल्यावर दर वेळी चित्र येत असेल, तर दोष या हजेरीतच आहे हे पक्के. तरीही नाही आले तर मॉनिटर भिंतीच्या बोर्डावरून बंद करा, मिनिटभर थांबा, मग लावा. मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबून हे होत नाही. त्या बटणाने तो फक्त झोपतो, त्याच्या आतला छोटा कॉम्प्युटर जागाच असतो आणि अडकलेला असेल तर अडकलेलाच राहतो.

आपल्याकडे हे अडकणे होण्याचे एक खास कारण आहे. लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. लाईट गेली की मॉनिटर मरतो, लॅपटॉप चालू राहतो आणि सगळ्या खिडक्या आपल्या पडद्यावर ओढून घेतो. लाईट आली की मॉनिटर उठून बसतो, पण तोवर लॅपटॉप झोपी गेलेला असतो. घरात इन्व्हर्टर असला तरी वीज बदलण्याच्या त्या निमिषात मॉनिटर विझून पुन्हा लागतो. मोठ्या शहरातल्या माणसाला ही कुलंगडी क्वचितच दिसते. आपल्याकडे दिवसातून दोनदाही होऊ शकते. लाईट गेली की मॉनिटरचे बोर्डावरचे बटण बंद करावे, लाईट येऊन दोन-चार मिनिटे स्थिरावली की लावावे आणि मग लॅपटॉप उठवावा. लाईट येताना होल्टेज उसळते, त्यापासूनही बचाव होतो.

मॉनिटरच्या मेन्यूत 'इनपुट' किंवा 'सोर्स' म्हणून एक जागा असते. तिथे 'ऑटो' असेल तर उठल्यावर मॉनिटर आपल्या सगळ्या तोंडांवर आळीपाळीने सिग्नल शोधत फिरतो. लॅपटॉप उठायला वेळ लावत असेल तर मॉनिटर शोधून थकतो आणि झोपतो. आपण वापरतो तेच तोंड, समजा एचडीएमआय, कायमचे निवडून ठेवावे. काही मॉनिटरांत 'डीप स्लीप' अशी सोय असते, ती बंद करावी. थोडी वीज जास्त जाते, पण हजेरीला उत्तर लवकर मिळते.

आता त्या मुलीच्या टेबलाकडे परत जाऊ. तिचा मॉनिटर जुना, त्याला फक्त व्हीजीएचे तोंड, म्हणजे निळी पिन आणि दोन बाजूंना स्क्रू. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. मध्ये एक बोटभर लांबीचा कन्व्हर्टर. मागे सांगितलेल्या 18व्या पिनेतून जी थोडीशी वीज येते, तिच्यावरच असा कन्व्हर्टर जगतो आणि आकड्यांतला सिग्नल जुन्या पद्धतीच्या सिग्नलमध्ये बदलून देतो. लॅपटॉप झोपला की त्याची वीज तुटते. लॅपटॉप उठल्यावर काही स्वस्त कन्व्हर्टर नीट सुरूच होत नाहीत, किंवा मॉनिटरचे ओळखपत्र पुढे पोचवत नाहीत. आम्ही कन्व्हर्टर काढून लावला, चित्र आले. लॅपटॉप झोपवला, उठवला, चित्र गेले. पुन्हा काढून लावला, आले. असे तीनदा केले. शाळेच्या कपाटातला दुसरा कन्व्हर्टर लावला आणि पाच वेळा झोपवून उठवले, पाचही वेळा मॉनिटर उठला. तिने दुसऱ्या दिवशी तीनशे रुपयांच्या आतला नवा आणला. साडेतीन हजारांचे काम एवढेच होते. दुकानदार खोटे बोलला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने बहुधा तपासलेच नव्हते.

केबल बदलून पाहताना शेजाऱ्याची चालती केबल तासाभरासाठी मागून आणावी, आधी विकत घेऊ नये. नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट : टाईप-सीच्या प्रत्येक तोंडातून चित्र जात नाही. काही तोंडे फक्त चार्जिंगची आणि फायली पाठवण्याची असतात. जिथून कधीच चित्र आले नाही तिथे झोपेचा दोष शोधत बसू नये.

केबल ठीक, कन्व्हर्टर ठीक, तरीही दुखणे परत परत येत असेल तर लॅपटॉपच्या आत पाहावे. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे 'शट डाउन' केले तरी ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. म्हणून लोक सांगतात की रात्रभर बंद ठेवला तरी सकाळी तेच. बंद करून लावण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करून बघावे, त्यात सगळे खरोखर नव्याने सुरू होते. रीस्टार्टने बरे होत असेल तर पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप काढून टाकावा आणि ग्राफिक्स ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. 'ड्रायव्हर फुकट दुरुस्त करा' म्हणणाऱ्या जाहिरातींवर बोटही ठेवू नये, त्यांतून घरात काय येईल सांगता येत नाही.

काही जण वैतागून झोपच बंद करतात, 'स्लीप : नेव्हर'. आम्हाला ते पटत नाही. साधारण 25 वॅटचा मॉनिटर रात्री दहा तास फुकट जळला तर महिन्याला साडेसात युनिट होतात. त्याच्या जोडीला लॅपटॉपही तापतो. त्यापेक्षा पडदा विझण्याची वेळ आणि लॅपटॉप झोपण्याची वेळ वेगवेगळी ठेवावी. या दोन सोयी वेगळ्या आहेत हेच पुष्कळांना माहीत नसते. त्या मुलीने पडदा दहा मिनिटांवर आणि लॅपटॉपची झोप एका तासावर ठेवली आहे. नमाजला किंवा स्वयंपाकघरात जाऊन यायला तेवढे पुरते. लॅपटॉप जागाच असल्यामुळे मॉनिटर एका कळीने उठतो.

हे सारे करूनही उठला नाही तर दुकानात जावे, पण मॉनिटर, त्याची वायर आणि केबल एवढेच घेऊन. दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडून दाखवायला सांगावे. तिथे चालला तर मॉनिटर ठीक आहे, घरी परत आणावा. नाही चालला तर भाव विचारावा. लॅपटॉपच द्यावा लागला तर पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देऊ नये. घरातल्या माणसाने समोर बसून स्वतः टाकावा, आणि दोन दिवस ठेवावाच लागणार असेल तर फोटो आणि लोकांची कागदपत्रे आधी पेनड्राइव्हवर काढून घेऊन लॅपटॉपमधून पुसावीत. घरच्या मुलीबाळींनी दुकानात जायचे नाही अशी रीत असेल, तर निदान काय विचारायचे ते तिने भावाला कागदावर लिहून द्यावे. वस्तू तिची, दुखणेही तिलाच ठाऊक.

मॉनिटर खरोखरच मेला तर भंगाराच्या गाड्यावर फेकण्याची घाई करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला, त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात गेल्याची नोंद नाही. आपल्या देशात 1 एप्रिल 2023 पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि जुन्या मालाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा मॉनिटर घेताना दुकानदाराला जुना परत घेणार का, हे विचारून पाहावे. तांब्यासाठी मॉनिटर फोडताना आम्ही पोरे पाहिली आहेत. त्या नळ्यांतला पारा त्यांच्याच नाकातोंडात जातो.

शाळेतल्या प्रोजेक्टरलाही हीच हजेरी लागते. आमच्या वर्गात आता क्रम ठरला आहे : आधी प्रोजेक्टर लावायचा, त्याचा उजेड भिंतीवर स्थिर पडू द्यायचा, मग लॅपटॉप उठवायचा. चित्र नाही आले तर सातवीतली मुलेच ओरडतात, "सर, खिडकी आणि पी!"